मृतांच्या वेदना आणि जिवंतांचे कर्तव्य

माणूस मेला म्हणजे त्याचे दुखणे संपले, अशी आपली समजूत आहे. परंतु माणूस नामांकित असला, तर त्याचे दुखणे पुष्कळदा त्याच्या मरणानंतरच चव्हाट्यावर येते. १९९६ साली अमेरिकन गायक मायकेल जॅक्सन आपल्या कार्यक्रमासाठी मुंबईस आला, तेव्हा ‘मातोश्री’वर जाऊन त्याने बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली होती. दोन अगदी भिन्न जगांतले हे दोन पुरुष. एकाच्या नृत्यासाठी आणि दुसऱ्याच्या शब्दासाठी लाखो माणसे ताटकळत उभी राहत. पुढे दोघेही गेले, आणि दोघांच्याही प्रकृतीची चिकित्सा न्यायालयात साक्षीपुराव्याने झाली. जिवंतपणी ज्या गोष्टी त्यांनी शयनगृहाच्या दाराबाहेर जाऊ दिल्या नसत्या, त्या वकिलांच्या उलटतपासणीचा विषय झाल्या. या दोन खटल्यांपासून काही शिकण्यासारखे असेल, तर ते शिकण्याची वेळ अजून गेलेली नाही.

ठाकरे यांचे निधन १७ नोव्हेंबर २०१२ रोजी झाले. १३ डिसेंबर २०११ या तारखेच्या त्यांच्या मृत्युपत्रावरून त्यांच्या दोन पुत्रांमध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा उभा राहिला. मृत्युपत्र करणाराचे मन शाबूत असले पाहिजे, अशी १९२५च्या भारतीय वारसा कायद्याची अट आहे. केवळ आजारपणाने माणसाचा हा अधिकार जात नाही. आपण काय करीत आहोत हेच त्याला कळेनासे झाले, तरच तो जातो. साहजिकच वृद्ध नेत्याची प्रकृती, त्यांची औषधे आणि त्यांची शुद्ध यांविषयी प्रश्न निघाले व त्यांचे चिकित्सक डॉ. जलील पारकर यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. २०१६ साली दुसऱ्या एका साक्षीला कुटुंबाच्या अत्यंत खाजगी बाबींकडे वळण लागले, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी पुढील काम बंद दालनात चालविण्याचे ठरविले. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये दावाच मागे घेण्यात आला. निकाल लागला नाही. बोलले गेलेले मात्र मागे घेता आले नाही.

जॅक्सनची कथा याहून करुण आहे. २७ जानेवारी १९८४ रोजी एका शीतपेयाच्या जाहिरातीचे चित्रण चालू असता त्याच्या केसांनी पेट घेतला आणि डोक्याची त्वचा भाजली. त्या भाजण्याच्या वेदनेबरोबर वेदनाशामक औषधे त्याच्या आयुष्यात शिरली, ती पुन्हा कायमची बाहेर पडली नाहीत. २५ जून २००९ रोजी प्रोपोफॉल या भूल देण्याच्या औषधाने त्याचा अंत झाला. हे औषध ना वेदनेचे, ना झोपेचे. ते द्यायचे तर रुग्णाचा श्वास आणि नाडी यांवर क्षणोक्षणी नजर ठेवणारी यंत्रे व माणसे हवीत; जॅक्सनच्या शयनगृहात पुरेशी यंत्रे नव्हती आणि तज्ज्ञ माणूस तर नव्हताच. त्याच्या डॉक्टरला नोव्हेंबर २०११ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा देण्यात आली. २०१३ साली त्याच्या मातेने कार्यक्रमाच्या आयोजक कंपनीवर लावलेला दिवाणी दावा पाच महिने चालला. रुग्णाला वेदनेची किती धास्ती होती आणि नामांकित डॉक्टर त्याला अधिक प्रभावी औषध देण्यासाठी कसे परस्परांशी चढाओढ करीत, हे त्याच्या घटस्फोटित पत्नीने तेथे शपथेवर सांगितले. ज्युरीचा कौल कंपनीच्या बाजूने गेला. पैसा, कीर्ती, डॉक्टरांचा ताफा, सारे काही हाताशी होते. नव्हता तो ‘नाही’ म्हणणारा वैद्य.

आता मुद्दा असा की, रुग्णाने वैद्याच्या कानात सांगितलेले गुपित न्यायालयात फोडावे काय? आपला कायदा वकील आणि पक्षकार यांच्यातील गुप्त बोलण्याला संरक्षण देतो. १८७२च्या पुराव्याच्या कायद्याने ते दिले आणि १ जुलै २०२४पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ते कायम ठेवले. वैद्याला मात्र तसे संरक्षण नाही. ही परंपरा इंग्लंडातून आली. १७७६ साली किंग्स्टनच्या डचेसवरील खटल्यात शल्यवैद्याला बोलते करण्यात आले, तेव्हापासूनची ती आहे. न्यायासाठी सत्य हवे, हे आम्हांला मान्य आहे. वैद्याने तोंड मिटून घेतले असते, तर जॅक्सनच्या मरणाचे कारण कधीच उजेडात आले नसते. परंतु न्यायासाठी जेवढे सत्य लागते, तेवढेच न्यायालयाने घ्यावे. उरलेले कुतूहल असते, आणि कुतूहल भागविणे हे न्यायालयाचे काम नव्हे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, मृत व्यक्तीच्या व्याधीविषयी व उपचारांविषयी वैद्याची साक्ष प्रथमपासूनच बंद दालनात व्हावी, आणि निकालास आवश्यक तेवढाच भाग न्यायाधीशांनी निकालपत्रात प्रगट करावा. तसा अधिकार न्यायालयास आहे. मुंबईतील एका अब्रुनुकसानीच्या दाव्यातील साक्ष छापण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली, तेव्हा नरेश मिरजकर या वार्ताहराने त्याविरुद्ध दाद मागितली. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार उचलून धरला. वृत्तपत्राने अशा मनाईचा पुरस्कार करावा, हे काहींना विपरीत वाटेल. पण वृत्तपत्राचे स्वातंत्र्य राज्यकर्त्यांचे दोष उघडे करण्यासाठी आहे. मेलेल्या माणसाच्या अंथरुणावरची चादर ओढण्यासाठी नव्हे.

तथापि या खटल्यांतून निघणारा एक दुसरा, अगदी चुकीचा धडा आम्हांला अधिक भयावह वाटतो. जॅक्सनची हकीगत वाचून ‘वेदनाशामक औषध म्हणजे व्यसन’ असे समीकरण आपल्या मध्यमवर्गीय मनात, आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांच्याही मनात, घट्ट बसले आहे. औषधाचा अतिरेक हा लॉस एंजलिसचा रोग असेल. आपला रोग औषधाच्या अभावाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने द्यावयाच्या उपचाराची पद्धत घालून दिली. सर्वांत वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे, आणि तेही ठरावीक वेळाने, पोटातून द्यावयाचे स्वस्त औषध. ज्या अफूपासून ते बनते, तिची लागवड मध्य प्रदेश व राजस्थानात सरकारी परवान्याने होते. तरीही १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्याची दहशत इतकी की, एकापेक्षा अधिक परवान्यांच्या कटकटीपायी इस्पितळांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली संसदेने हा कायदा सुधारला आणि मान्यताप्राप्त संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरे केली. कायदा सुधारला, भीती सुधारली काय?

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्याने विचारावा, यास विशेष कारण आहे. १९९९ साली याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. खेड्यापाड्यांतील १,३१,७४६ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. या रोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकदाच तपासणी केली, तरी मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगाला दाखविले. शेजारच्या बार्शीचे ज्या इस्पितळाने या कामात भाग घेतला, त्यास नर्गिस दत्त यांचे नाव आहे. त्या स्वतः १९८१ साली कर्करोगानेच गेल्या. नामांकित व्यक्तीच्या दुखण्याचे समाजाने काय करावे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. आणि भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या त्या अनाम स्त्रियांनी दिलेली साक्ष कोणत्याही न्यायालयातील साक्षीहून मोलाची आहे.

ज्या स्त्रियांनी जगाला हे ज्ञान दिले, त्यांच्यापैकी एखादीचा रोग हाताबाहेर गेला, तर शेवटच्या महिन्यांत तिला आपल्या तालुक्याच्या गावी मॉर्फिनची गोळी मिळते काय? ती लिहून देण्यास शिकलेला डॉक्टर तेथे आहे काय? जिल्हा शल्यचिकित्सकांनी या प्रश्नांची उत्तरे आठही तालुक्यांचे नाव घेऊन जाहीरपणे द्यावीत. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. वेदनाशमनाचे शिक्षण तेथे पहिल्या इयत्तेचा धडा ठरावे. थोरांच्या वेदना न्यायालयांनी ऐकल्या, वृत्तपत्रांनी छापल्या, लोकांनी चवीने वाचल्या. ज्यांच्या वेदनेला वकील नाही आणि वार्ताहरही नाही, त्यांचे कण्हणे ऐकण्याची पाळी आता शासनाची आहे.