भंगाराचा भाव आणि हुन्नराचे मोल

वस्तूचे मूल्य तिच्या अंगी असते की बाजाराच्या नजरेत, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. बंद पडलेल्या सीडी प्लेअरच्या बाबतीत मात्र त्याचा निकाल तराजूच देऊन टाकतो. नांदेडहून येणारा रस्ता जेथे हिंगोली आणि यवतमाळ अशा दोन दिशांना फुटतो, त्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाट्यावर काय किंवा मराठवाड्यातील अन्य कोणत्याही फाट्यावर काय, असे यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढते आणि पत्रा, तांबे व प्लास्टिक यांच्या दराने विकले जाते. तशाच बनावटीच्या चालू यंत्रासाठी मुंबई-पुण्याचे हौशी ग्राहक हजारो रुपये मोजतात. या दोन भावांमधील अंतर वाहतुकीच्या खर्चाचे नाही. ते ज्ञानाचे आहे.

सोनी कंपनीने जपानमध्ये ऑक्टोबर १९८२ मध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीस आणला. तबकडीवरील सूक्ष्म खळगे लेझरच्या किरणाने वाचून, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने त्यांतून पुन्हा ध्वनी उभा करणारे हे यंत्र नाजूक खरे. परंतु ते बंद पडते तेव्हा त्याचे सर्वच संपलेले असते असे नाही. पुष्कळदा ट्रे पुढेमागे करणारा रबरी पट्टा सैल झालेला असतो, ग्रीस वाळलेले असते किंवा भिंगावर धूळ बसलेली असते. या दुरुस्तीला खर्च थोडा, जाणकार हात मात्र हवा. लेझरच क्षीण झाला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा संपूर्ण पिकअप बदलावा लागतो, आणि अनेक जुन्या बनावटींचे अस्सल पिकअप आता तयार होत नाहीत.

नेमका हाच फरक गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन अशा बाजाराची मीमांसा केली होती. २००१ च्या नोबेल पारितोषिकात तिचा गौरव झाला. दोष विक्रेत्याला ठाऊक, ग्राहकाला अज्ञात. म्हणून ग्राहक सर्वच मालाला कमी भाव देतो आणि चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो. सीडी प्लेअरच्या व्यवहारात याचे ढळढळीत प्रत्यंतर येते. अनेक बनावटींत क्षीण लेझरचा विद्युतप्रवाह एका बारीक स्क्रूने वाढविता येतो. विक्रीच्या दिवशी यंत्र सुरेख वाजते. लेझरचे उरलेसुरले आयुष्य मात्र झपाट्याने सरते.

सावध ग्राहकाने यंत्र तासभर चालवून पाहावे. तबकडीचे वाचन मध्यापासून कडेकडे होते, म्हणून पहिले आणि शेवटचे अशी दोन्ही गाणी लावावीत. संगणकावर भरलेली सीडी छापील सीडीपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करते, म्हणून तीही वाजवून पाहावी. तथापि, प्रत्येक ग्राहकाने तंत्रज्ञ व्हावे ही अपेक्षा व्यवहार्य नव्हे. दोघांच्या मध्ये ज्याच्या शब्दावर विसंबता येईल असा कारागीर असावा लागतो.

मोबाइलवर हवे ते गाणे ऐकू येत असताना हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. मुंबईच्या काळा घोडा भागातील ऱ्हिदम हाउससारखे नामांकित दुकान २०१६ मध्ये बंद झाले. गेलेला काळ कोणी परत आणू म्हणत नाही. परंतु प्रश्न केवळ सीडीचा नाही. जो कारागीर या यंत्रातील दोष शोधतो, तोच पंपाचा स्टार्टर आणि शाळेतील ध्वनिक्षेपकही दुरुस्त करू शकतो. त्याचा हुन्नर हे गावाचे भांडवल आहे. आणि पुढची पिढी तो शिकली नाही, तर ते भांडवल त्याच्याबरोबरच संपते.

शासनाला याची जाणीवच नाही असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. मात्र त्यांत उत्पादकाची जबाबदारी वजनात मोजली जाते. जुन्या यंत्रांच्या नूतनीकरणाला त्यांत स्थान आहे. पण नोंदणीच्या त्या चौकटीत फाट्यावरचा एकटा कारागीर बसणे कठीण. परिणामी, धोरणही भंगाराच्या काट्याचीच भाषा बोलू लागते.

उत्पादकांनी सर्किटचे नकाशे आणि सुटे भाग उत्पादन थांबल्यावरही ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवावेत. तालुक्याच्या आयटीआयमध्ये जुनी यंत्रे सरावासाठी घेतली जावीत. जुना माल विकणाऱ्याने काय बदलले आणि किती दिवसांची हमी दिली, हे पावतीवर लिहून द्यावे. यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. एवढे झाले तर वारंगा फाट्यावरच्या मालकाला आपले यंत्र काट्यावर चढविण्यापूर्वी ते कोणाला तरी दाखविता येईल.