पडायला जागा हवी

बँकेत ३४ वर्षे काढलेल्या माणसाला मोजण्याची खोड लागलेली असते. निवृत्तीनंतर मोजायला दुसऱ्यांचे पैसे उरत नाहीत. मग तो जिन्याच्या पायऱ्या मोजतो, समोरच्या तारेवर बसलेले कावळे मोजतो. गेल्या वर्षी सहा महिने मी मुलाकडे कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळच्या एका गावात होतो. तिथे मी माझ्या नातीचे पडणे मोजत होतो.

नात ११ वर्षांची. वाढदिवसाला तिने हट्टाने स्केटबोर्ड मागून घेतला आणि गॅरेजसमोरच्या सिमेंटच्या अंगणात ‘ऑली’ शिकायला सुरुवात केली. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा, ‘भेळेसारखी सुकीही असते का गं?’ असे विचारले. मुलगा हसला. नातीला विनोद कळला नाही. तिने मला शांतपणे समजावून सांगितले, की ऑली म्हणजे हात न लावता स्केटबोर्डसकट हवेत उडी मारणे. एकदा ती जमली, की पुढच्या बहुतेक साऱ्या कसरती तिच्यातूनच निघतात.

ऐकायला हे सोपे वाटते. पण बोर्ड पायाला बांधलेला नसतो, हे लक्षात घ्या. मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली फळी, खाली चार चाके, दोन्ही टोके जराशी वर वळलेली आणि पाठीवर सुताराच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीत कागद. एक पाय मागच्या टोकावर ठेवायचा, दुसरा पुढच्या स्क्रूंच्या जरा मागे. गुडघे वाकवायचे. मग घोट्याच्या एका झटक्याने मागचे टोक जमिनीवर आपटायचे आणि त्याच क्षणी उडी मारायची. टोक आपटले, की फळी पुढून उसळते. पुढचे पाऊल कडेवर कलते करून त्या खरखरीत कागदावरून घासत पुढे न्यायचे. मागचा गुडघा पोटाशी घ्यायचा, म्हणजे मागचे टोकही उचलले जाते आणि फळी हवेत आडवी होते. मग दोन्ही पाय चाकांच्या वर येतील अशा बेताने, गुडघे वाकवून खाली उतरायचे. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच.

यातली खरी मेख मला दोन आठवड्यांनी उमगली. फळी आपल्याबरोबर वर यावी म्हणून शिकणारा तिच्यावर पाय रोवून राहतो. पण अंगाचा भार वर असेतो फळी जागची हलत नाही. तिच्यावरचे आपले वजन पुरते काढून घ्यावे लागते. मगच ती पायांमागोमाग वर येते.

पहिल्या दिवशी तिने ४० वेळा प्रयत्न केला आणि ती ९ वेळा पडली. माझ्या डायरीत तशी नोंद आहे. आधी काही दिवस ती हिरवळीवर उभी राहून उडीचा सराव करी, कारण गवतात चाके पळत नाहीत. मग सिमेंटवर, कुंपणाचा गज धरून. मग गज सोडून. फळी पायाखालून निसटून रस्त्यापर्यंत जाई. ती धावत जाऊन घेऊन येई. पुढच्या बुटाला करंगळीपाशी भोक पडले. तिथेच तो कागद घासतो. सूनबाई म्हणाली, एवढ्या लवकर तर शाळेचे बूटही फाटत नाहीत.

मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसे आणि दर उडीला ओरडे, ‘सांभाळून गं!’ एके दिवशी ती फळी काखेत मारून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘आजोबा, रागावू नका हं. पण तुम्ही सांभाळून म्हणता ना, तेव्हाच माझा एक पाय खाली येतो.’

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. हवेत असताना मनात भीती आली, की शरीर नकळत एक पाय जमिनीकडे सोडते. एक पाय फळीवर, एक जमिनीवर. यात उडी तर साधत नाहीच, उलट पडण्याचा धोका वाढतो. नवशिक्यांची ही नेहमीची चूक म्हणतात. मी खुर्ची उचलून आत नेली आणि खिडकीच्या पडद्याआडून मोजू लागलो.

या ऑलीचा इतिहासही मुलांचाच आहे. फ्लॉरिडात ॲलन गेलफंड नावाचा मुलगा होता. त्याला मित्र ‘ऑली’ म्हणत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काँक्रीटच्या गोलाकार खोलगट भिंतीवर, फळीला हात न लावता हवेत जाण्याची युक्ती त्याने शोधून काढली आणि त्याचेच टोपणनाव तिला चिकटले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लॉरिडाच्याच रॉडनी मलनने ती सपाट जमिनीवर करून दाखवली. आज जगभर रस्त्यांवर पोरे जी मारतात, ती त्याची ऑली. या मलनची एक गोष्ट मला फार लागली. त्याचे वडील दंतवैद्य. त्यांना हा खेळ पसंत नव्हता. मुलगा दहा वर्षांचा असताना, १ जानेवारी १९७७ रोजी त्यांनी परवानगी दिली ती अटीवर : पहिली गंभीर दुखापत झाली, की हे सारे बंद. त्या बापाच्या पोटात काय कालवत असेल, ते मी जाणतो. पण अट घालून का होईना, त्यांनी परवानगी दिली.

मी दिली नव्हती. १९९८ साली माझा मुलगा १२ वर्षांचा होता. ठाण्यात आमच्या सोसायटीतल्या पोरांनी विटांवर फळी टेकवून उतार केला होता आणि त्यावरून सायकली उडवायचा खेळ चालला होता. एका संध्याकाळी हा तोंडावर पडला. समोरच्या दाताचा टवका उडाला. सातवीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर होती. मी दुसऱ्याच दिवशी ती सायकल आमच्या शाखेतल्या शिपायाच्या मुलाला देऊन टाकली. मुलगा रडला नाही, भांडलाही नाही. त्याला शिष्यवृत्ती मिळाली. पुढे तो इंजिनिअर झाला, परदेशी गेला. ताळेबंद पाहाल तर माझा निर्णय नफ्याचाच दिसेल.

म्हणून तिथे एका रात्री मी त्याला विचारले, ‘पोरीचं ढोपर रोज फुटतंय. तू थांबवत का नाहीस तिला?’ तो जेवणाची भांडी विसळत होता. मागे न वळता म्हणाला, ‘बाबा, पहिली नोकरी मला दुसऱ्या वर्षीच नकोशी झाली होती. सोडायला नऊ वर्षं लागली. दर वेळी वाटायचं, नवीन ठिकाणी नाही जमलं, तर तुम्हाला काय सांगू?’ आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मी वाद घातला असता.

त्या रात्री मला बँकेतल्या संध्याकाळी आठवल्या. दिवसअखेर एका रुपयाचा फरक आला तरी सारी शाखा बसून राही. रात्रीचे नऊ वाजत, शेवटची गाडी चुकायची भीती वाटे, पण फरक सापडल्याशिवाय कोणी उठत नसे. ते योग्यच होते. लोकांच्या पैशाला चुकीची मुभा नसते. माझी चूक एवढीच, की कचेरीतला तो नियम मी चपलांबरोबर दाराशी काढून ठेवला नाही. तो घरात आणला आणि एका पोराच्या वाढण्याला लावला. मला वाटते, या बाबतीत मी एकटा नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलाला अपयश येऊ नये म्हणून आपण जिवाचे रान करतो. ते आले तर कसे पेलायचे, हे मात्र शिकवायचे राहून जाते. ते शिकवायचे वयही निघून जाते. अकराव्या वर्षी ढोपर फुटते आणि आठ दिवसांत खपली धरते. पस्तिशीत पहिल्यांदा पडणाऱ्याची खपली लवकर धरत नाही.

पडू द्या याचा अर्थ वाऱ्यावर सोडा, असा नव्हे. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर स्केटबोर्डवर हेल्मेट घालणे कायद्याने सक्तीचे आहे. नात मनगटांना आणि गुडघ्यांनाही पट्टे बांधी. पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडते. आणि तिथेही सारे पहिल्यापासून खुले नव्हते. दुकानांसमोर ‘स्केटबोर्डला मनाई’ अशा पाट्या आजही दिसतात. १९९८ पासून लागू झालेल्या एका कायद्याने अशा खेळातल्या दुखापतीबद्दलची नगरपालिकांची जबाबदारी मर्यादित केली आणि गावोगावी सार्वजनिक स्केटपार्क बांधण्याची वाट मोकळी झाली. ज्या वर्षी मी सायकल देऊन टाकली, नेमके तेच वर्ष!

रविवारी मुलगा आम्हाला अशाच एका पार्कमध्ये नेई. तिथे दाढी राखलेले तरुण आणि सात वर्षांची पोरे एकाच रांगेत थांबत. पडणाऱ्याला कोणी हसत नसे. एखाद्या नवशिक्याला काही साधले, की भोवतालचे सारे आपापली फळी जमिनीवर आपटत. तीच त्यांची टाळी. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, हा खेळ पहिल्यांदा आला. जपानची मिसुगु ओकामोतो शेवटच्या फेरीत पडली आणि तिचे पदक गेले. रडत बाहेर आलेल्या त्या मुलीला तिच्या प्रतिस्पर्धी मुलींनी खांद्यावर उचलून घेतले. मी ते टीव्हीवर पाहिले होते. अर्थ नातीच्या अंगणात कळला.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणायचे कारण नाही. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली स्केटपार्क उभा केला. नियम दोनच महत्त्वाचे : शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि आधी मुलींची पाळी. तिथली आशा गोंड ही मुलगी २०१८ साली चीनमधल्या जागतिक स्पर्धेत उतरली. खेड्यात जे झाले, त्याला शहरात जागा नाही म्हणणे शोभत नाही. जागा असते, ती आपण गाड्यांना दिलेली असते. आमच्या सोसायटीतच पाहा. गच्चीला कुलूप आहे. खाली ‘येथे खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आहे, आणि तिच्याखाली चिटणीस म्हणून पूर्वी माझेच नाव होते. मुलांना खेळायचे असेल तर शिकवणी लावायची, प्रमाणपत्र मिळवायचे. पण काहीच न मिळवता, तासन्‌तास, स्वतःच्या मर्जीने पडत राहायला त्यांना कोणता कोपरा आहे?

परतण्याच्या आठवडाभर आधी, एका संध्याकाळी, मी पडद्याआड होतो. टोक आपटल्याचा आवाज झाला आणि नेहमीचा दुसरा खडखडाट आला नाही. चारही चाके एकदम टेकली. उंची फार तर चार बोटे. ती तशीच उभी राहिली, मग तिने खिडकीकडे वळून पाहिले. मी तिथे असतो, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते. मी हातातली डायरी खिडकीच्या फळीवर आपटली. त्या पानावर ६०० च्या वर पडल्याची बेरीज होती.

परत आल्यावर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला : मागच्या बाजूच्या चार गाड्यांची जागा संध्याकाळी पाच ते सात मुलांना मोकळी ठेवावी, हेल्मेटची सक्ती असावी. ‘मूल पडलं तर जबाबदार कोण?’ असा प्रश्न आला आणि ठराव पडला. बाजूने तीन हात होते, त्यांतला एक माझा. पुढच्या सभेत तो मी पुन्हा मांडणार आहे. तिथेही पडला, तर त्याच्या पुढच्या.