पेशींसोबत नसाही तपासा

बीड जिल्ह्यातली ऊसतोड करणारी बाई केमोसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरला जाते. दोन डोसांच्या मधल्या दिवसांत मात्र ती केज, धारूर, गेवराईच्या दवाखान्यांत आपल्यासमोर बसलेली असते. आपण पेशी मोजतो, उलटीची गोळी लिहितो. हातापायांना मुंग्या येतात का, हे क्वचितच विचारतो. पुढच्या डोसाआधी ही चौकशी पेशींच्या मोजणीइतकीच सक्तीची हवी, असं आमचं ठाम मत आहे. पांढऱ्या पेशी वाढवायला इंजेक्शन आहे. पॅक्लिटॅक्सेल, सिसप्लॅटिन किंवा व्हिन्क्रिस्टिनने दुखावलेली नस पूर्ववत करणारं औषध नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात केमोनंतर पहिल्या महिन्यात सुमारे 68 टक्के आणि सहा महिन्यांनंतरही सुमारे 30 टक्के रुग्णांत हा त्रास आढळला होता.

यावर काहीजण म्हणतील, नसांच्या गोळ्या आम्ही देतोच. अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये पुरावे तपासले, तेव्हा प्रतिबंधासाठी एकही औषध सुचवता आलं नाही; वेदना असतील तर तेवढं ड्युलॉक्सेटिन. मिथाइलकोबालामिनसोबत सर्रास खपणाऱ्या असेटिल-एल-कार्निटिनने तर टॅक्सेन घेणाऱ्या स्त्रियांचा त्रास वाढल्याचं चाचणीत दिसलं, म्हणून ते देऊच नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डोस कमी केला आणि आजार उलटला तर? तो निर्णय कर्करोगतज्ज्ञाचाच. पण दोन डोसांत अंतर वाढवायचं की औषध बदलायचं, हे त्याने ठरवायचं तर बधिरपणा त्याच्या कानावर जायला हवा, आणि उपचार थांबतील या भीतीने रुग्ण तो लपवतात. म्हणून प्रश्न रोजच्या कामातून विचारावेत. ब्लाउजचं हुक लागतं का? चप्पल पायातून निसटली तर कळतं का? मग पायाच्या अंगठ्यावर 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ठेवून पाहावा. सोबत साखर आणि बी-12 तपासावं, कुष्ठरोगाचे चट्टे बघावेत.

सिसप्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिनचा धोका आपल्या जिल्ह्यात वेगळाच आहे. ही औषधं थांबल्यावरही दोन-तीन महिने नसांची हानी वाढत राहू शकते. भाद्रपदात उपचार संपलेली बाई दसऱ्यानंतर टोळीबरोबर निघते, तेव्हा फाइल बंद झालेली असते आणि बधिरपणा मात्र चढत असतो. कोयत्याची मूठ नीट जाणवत नाही, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय कुठे पडला ते कळत नाही. उचल घेतलेल्या कुटुंबाला नुसतं ‘काम करू नका’ म्हणून भागणार नाही. निदान फळीवर चढणं टाळा, बंद बूट घाला, रोज रात्री तळवे बघा, एवढं नवऱ्यादेखत सांगावं आणि औषधाचं नाव व शेवटच्या डोसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी, म्हणजे तोडीच्या गावी जखम झालीच, तर सांगली-कोल्हापुरातल्या डॉक्टरला ती कशामुळे झाली ते समजेल.