प्रयोगशाळेच्या दाराशी आमची मुले

हरियाणातील मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या या संस्थेस २००२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. भाषा मेंदूत कशी घडते, वार्धक्यात स्मृतिभ्रंश का होतो, अशा प्रश्नांचा तेथे शोध घेतला जातो. ज्या धम्माने मनाला प्रथम स्थान दिले, तो स्वीकारलेल्या घरांतील मुलामुलींना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तेथवर पोहोचण्याचा.

२००६ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेश-आरक्षण कायद्याचे कलम ३ प्रत्येक अभ्यासशाखेत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखून ठेवते. १९९० च्या दुरुस्तीमुळे या जातींतून बौद्ध झालेलेही त्या जागांचे हक्कदार आहेत. तथापि कलम ४ काही संस्थांना या बंधनातून मोकळे करते, आणि त्यांच्या अनुसूचीत मानेसरच्या केंद्राचे नाव आहे. उत्कृष्टता, संशोधन व राष्ट्रीय महत्त्व ही त्या सवलतीची कारणे. म्हणजे आमच्या प्रवेशाने उत्कृष्टता उणावते, असेच गृहीत धरले गेले! बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची होती. दार शिष्यवृत्तीने उघडले. दार उघडल्याने विद्येचे तेज कमी झाले, असे कोण म्हणेल?

याहून सूक्ष्म अडथळा उमेदवारीचा आहे. हल्ली तिला इंटर्नशिप म्हणतात. पदवीचा विद्यार्थी उन्हाळ्यात दोन महिने, एम.एस्सी.चा विद्यार्थी लघुप्रबंधासाठी सहा महिने एखाद्या प्रयोगशाळेत राहतो. तेथे हात तयार होतो, मार्गदर्शकाचे शिफारसपत्र मिळते आणि पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत तेच कामी येते. परंतु पुष्कळदा ही निवड प्राध्यापकाच्या ओळखीवर व मर्जीवर होते. कायदा बोलतो तो प्रवेशाच्या मंजूर जागांविषयी. उमेदवारी त्यांत मोजली जात नाही. सबब जेथे आरक्षण लागू आहे, तेथेही ही पायरी मोकळीच राहते. त्यातून ती बिनपगारी असेल, तर परगावी खोलीभाडे व खाणावळ कोण भरणार? मजुराचा मुलगा येथेच गळतो; त्याची नोंद कोठेही होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. अनुसूचीत बदल करण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्याच कलमाने दिला आहे. राजपत्रातील अधिसूचना त्यास पुरे. ती काढावी. तोवर केंद्राने स्वतःहून जागा राखाव्यात. सूट म्हणजे मनाई नव्हे. उमेदवारीच्या जागा जाहीर कराव्यात, निवडीचे निकष छापावेत आणि गरजूंना विद्यावेतन द्यावे.

मागणी करीत असताना हातावर हात ठेवून बसू नये. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीत विद्यावेतन व प्रवासखर्च मिळतो. त्यासाठी मुलांनी अवश्य अर्ज करावा. ओळख नाही म्हणून थांबू नये; प्राध्यापकाचे काम वाचून, आपणास काय शिकावयाचे आहे ते नेमके लिहून पत्र पाठवावे. आईबापांनी केंद्राच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र वेळीच काढून ठेवावे. विहारांतून वडीलधाऱ्यांनी अशा एकेका विद्यार्थ्याच्या खर्चाचा भार उचलावा. बाबासाहेबांनी शिकण्यास सांगितले ते नोकरीपुरते नव्हे. नवे ज्ञान निर्माण करणाऱ्यांच्या पंक्तीत आमची मुले बसली पाहिजेत. तो त्यांचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

जय भीम!