प्रकाश, कुलूप आणि संमती

प्रौढ माणसे आपल्या मोबाइलवर स्वतःची विवस्त्र छायाचित्रे काढतात. कुणी जोडीदारासाठी काढते, कुणी बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या शरीराशी ओळख करून घेण्यासाठी, तर कुणी केवळ स्वतःला आवडते म्हणून. आपल्याकडे या विषयाची चर्चा होते ती मात्र असे एखादे छायाचित्र चोरीला गेल्यावर किंवा पसरवले गेल्यावर. तेव्हा पहिला प्रश्न असतो तो ‘मुळात काढलाच कशाला?’ हा. त्या प्रश्नाकडे वळण्याआधी चार गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे: हा प्रकार किती जुना आहे, चांगले छायाचित्र कशामुळे होते, काढल्यानंतर ते कुठे कुठे पोचते आणि कायदा त्याकडे कसे पाहतो. येथे विचार केवळ प्रौढांचा आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत कायदा संमती मानत नाही आणि तशी छायाचित्रे साठवणेही गुन्हा ठरू शकते.

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जाहीर झाला. पुढच्याच वर्षी हिपोलीत बायार या फ्रेंच संशोधकाने कमरेपर्यंत उघड्या अंगाने, बुडून मेल्याचे सोंग घेऊन स्वतःचे छायाचित्र काढले. शोधाचे श्रेय दुसऱ्याला मिळाले, याचा तो निषेध होता. १९०६च्या सुमारास इमोजेन कनिंगहॅम या अमेरिकी विद्यार्थिनीने सिॲटलमधील विद्यापीठाच्या आवारात गवतावर पहुडून स्वतःचे विवस्त्र छायाचित्र घेतले. पुढे ती विसाव्या शतकातील मान्यवर छायाचित्रकारांपैकी एक झाली. साठी ओलांडलेल्या जॉन कोप्लन्स यांनी १९८४पासून आपली पाठ, पोट, हात, पाय यांची मोठ्या आकाराची कृष्णधवल छायाचित्रे काढली. वयाने सैलावलेली त्वचा त्यांनी लपवली नाही. चेहरा मात्र चौकटीत येऊ दिला नाही.

नग्नतेवरचा वाद महाराष्ट्रालाही नवा नाही. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ ते १९५३ या काळात निघत होते. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्र असे आणि कर्व्यांवर अश्लीलतेचे खटलेही झाले. १९३४मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात मांडली. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात विवस्त्र मॉडेल समोर बसवून मानवाकृतीचा अभ्यास होत आला आहे. या दोन्ही ठिकाणी देह एकाचा आणि नजर दुसऱ्याची असते. स्वतःच्या छायाचित्रात देह आणि नजर एकाच व्यक्तीची असते. काय दाखवायचे, किती दाखवायचे आणि कुणाला, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडेच राहतो.

हा अधिकार नीट वापरायचा तर हातात थोडे तंत्र हवे, आणि तंत्रातला मोठा वाटा प्रकाशाचा आहे. प्रकाशाचा स्रोत आपल्या तुलनेत जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ. मोबाइलचा फ्लॅश नखाएवढा असतो, म्हणून त्याच्या उजेडात त्वचा तेलकट आणि सपाट दिसते, मागे भिंतीवर काळी कडक सावली पडते. याउलट खिडकीला पातळ पांढरा पडदा किंवा स्वच्छ धोतर लावले की अख्खी खिडकीच दिवा होते. ऊन पडद्यात विखुरते आणि खांद्यावरून पाठीकडे जाणारी सावली हळूहळू गडद होत जाते.

प्रकाश कुठल्या दिशेने येतो, हे तितकेच महत्त्वाचे. खिडकीकडे थेट तोंड केले तर शरीराचे उंचसखल भाग पुसले जातात. खिडकी साधारण पंचेचाळीस अंशांवर ठेवली तर गोलाई दिसू लागते. ती अगदी बाजूला आली की प्रकाश त्वचेवरून सरपटतो आणि प्रसूतीच्या रेषा, टाक्यांचा व्रण, रोमांच असे सगळे ठळक होते. व्रण दाखवायचा की नाही, हा निर्णय अशा वेळी खिडकी आणि आपण यांच्यातल्या कोनावर ठरतो. त्यासाठी फिल्टर लावून त्वचा गुळगुळीत करावी लागत नाही.

सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असावे असे गृहीत धरते. मागे पांढरी भिंत असेल तर यंत्र एकूण उजेड कमी करते आणि त्वचा आहे त्याहून काळवंडते. मोबाइलच्या पडद्यावर त्वचेवर बोट दाबून धरले की मोजमाप तिथले होते आणि त्वचा काळवंडत नाही. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र समोर ठेवून रंग जुळवत असत. काळ्या त्वचेचे बारकावे त्यात हरवत. आपला रंग छायाचित्रात खुलत नाही असे मानणाऱ्या अनेकांना हा यंत्राच्या गृहीतकाचा दोष आहे, हे कधी कुणी सांगितलेलेच नसते.

आत्मविश्वासाचा भागही बराचसा अंतराचा आहे. हात लांब करून सेल्फी घेतली तर कॅमेरा दोन फुटांवर असतो. जवळचा खांदा मोठा आणि पाय आखूड दिसतात, शिवाय उचललेल्या हाताचा ताण सबंध शरीरात उतरतो. मोबाइल ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर छातीच्या उंचीला, पाच-सहा फुटांवर ठेवावा, मागचा कॅमेरा वापरावा आणि दहा सेकंदांचा टायमर लावावा. वजन एका पायावर घेऊन श्वास सोडला की खांदे आपसूक खाली येतात. रात्री स्वस्त एलईडी दिव्यात छायाचित्रावर आडवे पट्टे उमटतात, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे आणि असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून दिवसाचा उजेडच सोयीचा.

हाच प्रकाश सुरक्षेचेही काम करतो. खिडकीजवळ उभे राहिले आणि मागची भिंत दूर असली, तर उजेड मागे पोचेपर्यंत झपाट्याने कमी होतो आणि खोली अंधारात जाते. भिंतीवरचे दुकानाच्या नावाचे कॅलेंडर, कुटुंबाचा फोटो, ओळखीची चादर यांवरून माणूस ओळखता येतो. गोंदण आणि जन्मखूण यांवरूनही येतो. कोप्लन्स यांनी चेहरा वगळला तो कलेच्या कारणासाठी, पण जोडीदाराला छायाचित्र पाठवणाऱ्या व्यक्तीला तीच चौकट उपयोगी पडते.

आता ते छायाचित्र कुठे जाते ते पाहू. बटण दाबताच मोबाइलमध्ये मूळ प्रत तयार होते. स्वयंचलित बॅकअप चालू असेल तर काही क्षणांत दुसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाते. त्याच खात्याने घरातला टॅब किंवा लॅपटॉप उघडलेला असेल तर ते तिथेही दिसते. पुसलेले छायाचित्र लगेच नष्ट होत नाही. आयफोनमध्ये ते साधारण ३० दिवस ‘नुकतेच पुसलेले’ या कप्प्यात राहते. शिवाय छायाचित्राच्या पोटात मेटाडेटा, म्हणजे वेळ, यंत्र आणि अनेकदा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश अशी माहिती असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले तर ही माहिती काढून टाकली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर सोबत जाते.

चोरी बहुधा कशी होते, हे २०१४च्या एका प्रकरणाने दाखवले. अमेरिकेतील अनेक अभिनेत्रींची खासगी छायाचित्रे तेव्हा पसरवली गेली. तपासात दिसले की आरोपींनी क्लाउड सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या नावाने खोटे ईमेल पाठवून पासवर्ड काढून घेतले होते. म्हणून उपाय साधे आहेत: असे छायाचित्र काढण्यापूर्वी बॅकअप आणि कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद करणे, कुलूपबंद फोल्डर वापरणे आणि खात्याला द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर दुसरी खूण, लावणे. व्हॉट्सॲपची ‘एकदाच पाहा’ ही सोय पूर्ण भरवशाची नाही, कारण पडद्याचा फोटो दुसऱ्या मोबाइलने घेता येतो.

कुलूप फुटले किंवा विश्वास मोडला, तर कायदा कामाला येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ईनुसार कुणाच्याही गुप्तांगांचे चित्र संमतीविना टिपणे, प्रसिद्ध करणे वा पाठवणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. भारतीय न्यायसंहितेचे कलम ७७ स्त्रियांना आणखी स्पष्ट संरक्षण देते. स्त्रीने छायाचित्र काढू दिले असले, पण ते इतरांना दाखवायला संमती दिली नसली, तर ते पसरवणे गुन्हा ठरतो. काढण्याची संमती आणि दाखवण्याची संमती या कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या बाजूला त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ आणि ६७ए ही कलमे अश्लील किंवा उघड लैंगिक मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यालाच नव्हे, तर पाठवणाऱ्यालाही शिक्षा सांगतात. शब्दशः वाचल्यास दोन प्रौढांच्या खासगी देवाणघेवाणीवरही त्यांची छाया पडते, आणि ही भीती पीडितेला तक्रारीपासून दूर ठेवते. नग्नता म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये अवीक सरकार प्रकरणात स्पष्ट केले आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय २०१७मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने दिला. या दोन निकालांच्या प्रकाशात संसदेने प्रौढांची संमतीने झालेली खासगी देवाणघेवाण या कलमांतून स्पष्ट शब्दांत वगळायला हवी.

तक्रारीचे मार्ग उपलब्ध आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा कोणत्याही पोलिस ठाण्यात तक्रार करता येते. २०२१च्या नियमांनी अशी छायाचित्रे तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचे बंधन समाजमाध्यमांवर घातले. ‘स्टॉपएनसीआयआय’ ही २०२१मध्ये सुरू झालेली सेवा छायाचित्राचा हॅश, म्हणजे आकडी ठसा, आपल्याच यंत्रावर बनवते आणि तेवढाच सहभागी कंपन्यांना देते. मूळ छायाचित्र कुठेही जात नाही. मात्र ही सेवा सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर आणि व्हॉट्सॲपच्या कूटबद्ध संभाषणांत पोचू शकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘काढलाच कशाला?’ असे विचारणारे गृहीत धरतात की काढले नसते तर धोका नव्हता. आज हे खरे नाही. लग्नाच्या फोटोतला चेहरा घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने खोटे विवस्त्र चित्र बनवता येते. ज्या स्त्रीने असे छायाचित्र कधीच काढले नाही, तिलाही असे खोटे चित्र पसरवण्याच्या धमक्या येतात. दोन्ही प्रकरणांत नुकसान करणारी कृती एकच आहे: दुसऱ्याच्या देहाचे चित्र त्याच्या संमतीविना पसरवणे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. प्रौढ व्यक्तीने स्वतःचे छायाचित्र काढणे हा तिचा खासगी निर्णय आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. जबाबदारी पसरवणाऱ्याची, आणि नंतर ते पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाची आहे. महाविद्यालयांनी सायबर सुरक्षेच्या तासाला केवळ ‘काढू नका’ असे न सांगता बॅकअप, मेटाडेटा आणि कलम ७७ शिकवावे. पोलिस ठाण्यात तक्रारदाराला चारित्र्याचे प्रश्न विचारले जाऊ नयेत. घरच्यांनी आधी पुरावा जपायला आणि तक्रार करायला मदत करावी. खंडणीखोराचा धंदा पीडितेला घरात आणि ठाण्यात मान खाली घालावी लागेल, या खात्रीवर चालतो. ती खात्री मोडणे आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.