घरांतील शास्त्र : डांसाची पत्रावळ

गेल्या श्रावणांत आमच्या धाकट्या नातवास हिंवताप आला. ताप उतरल्यावर अंथरुणांतूनच त्यानें विचारलें, “आजोबा, इतकें रक्त पिऊन डांसाचें पोट फुटत कसें नाहीं?” उभा जन्म शाळेंत प्रश्न विचारण्यांत गेला, पण याचें उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें. शोध केल्यावर जें कळलें तें वाचकांपुढें ठेवितों.

रक्त पिते ती फक्त मादी. अंडीं घालण्यास तिला रक्तांतील प्रथिनें लागतात. एका बैठकींत ती आपल्या वजनाइतकें, कधीं त्याहून अधिकही, रक्त घेते. तिच्या उदरास आंतून पेशींच्या एकेरी थराचें अस्तर असतें. रक्त येतांच त्या पेशी ताणून चपट्या होतात व अस्तर पसरतें. म्हणून पोट फुटत नाहीं. पुढें त्याच पेशी पाचक रस सोडतात आणि रक्ताच्या गोळ्याभोंवतीं एक पातळ वेष्टन घालितात. खेकड्याच्या कवचांतील कायटिन तेंच या वेष्टनांतही असतें. रक्त पचतांना सुटणारें लोहयुक्त विषारी द्रव्य पुष्कळसें तेथेंच अडकतें. दोन-तीन दिवसांत पचन आटोपलें कीं वेष्टन मलाबरोबर बाहेर पडतें. प्रत्येक भोजनास नवी पत्रावळ!

परंतु रक्त रोग्याचें असेल तर हिंवतापाचे जंतूही आंत येतात. वेष्टन विरघळविणारा रस त्यांच्यापाशीं असतो. सुमारें एका दिवसानें ते वेष्टन व अस्तर भेदून उदराच्या बाहेरील बाजूस गांठी करितात. रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस अ‍ॅनॉफिलिस डांसाच्या उदरावर ज्या पाहिल्या, त्या याच. पुढें दहा-बारा दिवसांनीं गांठी फुटून जंतू लाळेच्या ग्रंथींत जातात. मग तो दंश घातक होतो.

हें वाचून आम्ही मनांत दिवस मोजले. नातू तापानें फणफणत असतां “त्यास उकडतें, मच्छरदाणी काढा” असें आम्हींच सांगितलें होतें. निरोगी मंडळी मच्छरदाणींत निजलीं, रोगी उघड्यावर! महिन्याभरानें त्याच्या बहिणीस हिंवताप आला. तो त्याच डांसांमुळें आला, असें खात्रीनें सांगतां येत नाहीं. पण हिशेब जुळतो. तेव्हांपासून आमच्या घरीं नियम झाला आहे : ज्यास ताप, त्याची मच्छरदाणी पहिली.