धावणाऱ्याचे ताट आणि विश्रांती

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तेव्हा ४२ किलोमीटर १९५ मीटर धावणे हे सैन्यातल्या जवानांचे किंवा कसलेल्या खेळाडूंचे काम, असेच बहुतेकांना वाटत होते. आता बँकेत नोकरी करणारे काका, शाळेतल्या बाई, कॉलेजात शिकणारी मुलगी असे कुणीही पहाटे बूट बांधून बाहेर पडताना दिसते. कदाचित तुमच्याही घरात असे कुणी असेल. महिनोन् महिने घेतलेल्या मेहनतीचे चीज व्हायचे, की ती शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत वाया जायची, हे बरेचसे घरातच ठरते.

सराव कमी करा, बंद नको

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास एखादे वेळी तारून नेतो. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात केलेला जादा सराव मात्र फक्त थकवा देतो. सरावाचा फायदा शरीरात मुरायला काही आठवडे लागतात. म्हणूनच सर्वांत लांब पल्ल्याचा, साधारण ३० किलोमीटरचा सराव शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकावा. त्यानंतर अंतर उतरते ठेवावे. आठवड्याला ५० किलोमीटर धावणाऱ्याने पुढे ४०, मग ३० आणि शेवटच्या आठवड्यात शर्यत सोडून १२ ते १५ किलोमीटर धावले तरी पुरे. धावण्याचे दिवस आणि नेहमीचा वेग फारसा बदलू नये, कमी करायचे ते अंतर.

या दिवसांत एक गंमत होते. पाय जड वाटू लागतात, जुना गुडघा उगीच आठवण करून देतो, चिडचिड वाढते. ‘आपली तयारी कमी पडली’ असे वाटून माणूस पुन्हा २५ किलोमीटर धावायला निघतो आणि पाय दुखवून घेतो. अशा वेळी घरच्यांनी त्याला प्रेमाने अडवावे. दोन-तीन आठवड्यांच्या कमी सरावाने कमावलेली ताकद जात नाही, उलट थकलेले स्नायू भरून येतात.

भात किती खायचा?

धावताना लागणारी साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. हा साठा साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत आला की पाय उचलेनासे होतात. मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ नेमका परतीच्या वाटेवर भेटतो, हे धावणाऱ्यांना चांगलेच ठाऊक आहे!

हा साठा भरून घेण्यासाठी शेवटचे दीड-दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे आहारशास्त्र सांगते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला निदान ६०० ग्रॅम. आता हिशेब करा. एवढी कर्बोदके नुसत्या भातातून मिळवायची, तर पाऊण किलोहून जास्त तांदूळ शिजवावे लागतील! ते शक्य नाही आणि आवश्यकही नाही. ताट मोठे करण्यापेक्षा ताटातली वाटणी बदला. भात, पोळी, बटाटा, रताळे, केळी, खजूर, लिंबाचे सरबत यांचा वाटा वाढवा. तेल-तूप, तळण, उसळी आणि कच्च्या कोशिंबिरी कमी करा. दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाल्ले तर पोटही बिघडत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठते, त्यामुळे वजन किलो-दीड किलोने वाढू शकते. त्याला घाबरून उपास करू नका.

मुंबईची शर्यत सहसा जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे अगदी संक्रांतीच्या आगेमागे. २०२३ साली तर दोन्ही एकाच दिवशी आले. तिळगुळाची एक वडी खाऊन गोड बोलायला हरकत नाही, पण तिळात निम्मे तेल असते, तेव्हा डबा जवळ नको. भोगीची लेकुरवाळी भाजी आणि बाजरीची भाकरी शर्यतीच्या आदल्या दिवशी आली, तर धावणाऱ्यासाठी बाजूला वरणभात लावा.

आणि धावणारी घरातली आई किंवा सून असेल तर? सणाचा स्वयंपाक, हळदीकुंकवाची तयारी आणि शर्यत हे सारे एकाच आठवड्यात तिच्या अंगावर पडते. दिवसभर ओट्याशी उभे राहिलेल्या पायांना विश्रांती कशी मिळणार? त्या दोन दिवसांचा कुकर दुसऱ्या कुणीतरी लावावा.

पाणी बेतानेच

पाणी कमी पडण्याची भीती सर्वांना असते, जास्त होण्याची कुणालाच नसते. २००२ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले. धावताना ज्यांचे वजन वाढले होते, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले गेले होते, त्यांना हा धोका अधिक होता. सावकाश धावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तहान लागेल तसे प्यावे, मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवावे. शर्यतीत वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

नवे काही नको

नवे बूट, नवे मोजे, मित्राने सुचवलेली शक्तिवर्धक पावडर यांतले काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. पहाटेचा नाश्ता दोन-तीन तास आधी, सरावाच्या दिवसांत पचलेलाच असावा. केळे, जॅम-पाव किंवा थोडा उपमा पुरेसा होतो. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी काळजी नको, त्याआधीच्या रात्री पुरेशी झोप घ्या.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ताप आला असेल तर धावू नका, तापात धावल्याने हृदयाच्या स्नायूंना इजा होऊ शकते. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली, तर सरावात असो वा शर्यतीत, थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘इतके पैसे भरले, लोक काय म्हणतील’ हा विचार मनात येईल, तेव्हा घरच्यांनीच म्हणावे, ‘शर्यत पुढच्या वर्षीही आहे. तुम्ही घरी या.’